स्वस्त गिटार की महाग गिटार? पैसे नक्की कशावर घालावेत?

तिसरा_फ्रेट

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात होता. ओळखीतलं कुणी ना कुणी सारखं विचारत असतं की पोराला गिटार घ्यायचीये, पाच हजारवाली घेऊ की वीसवाली, आणि दुसरीकडे आमच्याच ग्रुपमधली मुलं लाख-दीड लाखाच्या स्ट्रॅटचे (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) व्हिडिओ बघत बसलेली असतात पण हातात आहे त्या गिटारच्या तारा मागच्या गणपतीत बदललेल्या असतात. म्हणून हा धागा काढतोय, तुमचेही अनुभव येऊ द्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथे बोटं लागतात तिथे आणि जिथून आवाज बाहेर पडतो तिथे पैसे घाला, बाकी सगळं नंतर. बोटं लागतात म्हणजे तारा, फ्रेट (तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), नेक (गिटारची लांब मान). आवाज बाहेर पडतो म्हणजे अकूस्टिकला वरची फळी आणि इलेक्ट्रिकला अँप, त्यातही स्पीकर. हेडस्टॉकवरचं (चाव्या असतात त्या टोकावरचं) नाव, बॉडीची चकाकी, सोनेरी चाव्या, शिंपल्याचं नक्षीकाम यासाठी पैसे घालायला माझी हरकत नाही पण त्याने वाजवणं सुधारत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सेटअप. आजकाल लाकूडकाम पाच-सात हजारातल्या गिटारचंही बऱ्यापैकी नीट असतं कारण संगणकाने चालणारं सीएनसी मशीन सगळ्या कारखान्यांत आलंय. पण शेवटचं हातकाम, म्हणजे फ्रेट एका पातळीत घासणं, नटच्या खाचा बरोबर खोलीच्या करणं, सॅडल (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) उतरवणं, याला माणूस आणि वेळ लागतो आणि स्वस्त गिटारमध्ये कारखाना नेमका तिथेच हात आखडता घेतो. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरून बघा, जाड ई तारेची खालची कड फ्रेटपासून अडीच-पावणेतीन मिलिमीटरवर असली तर अकूस्टिक आरामात वाजते. नवीन स्वस्त गिटारला ती साडेतीन-चारवर सापडते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्या बोटातच ताकद नाही. एफ कॉर्ड लागत नाही म्हणून गिटार सोडलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत आणि त्यातल्या बऱ्याच गिटारींचा नट उंच होता, बोटांचा काही दोष नव्हता. नट तपासायची युक्ती सोपी आहे, तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तिथे तार आणि फ्रेट यांत कागद जाईल एवढीच फट हवी. फट डोळ्याला सहज दिसली तर नट उंच आहे.

पुण्यात चांगला माणूस हजार-दीड हजारात सगळा सेटअप करून देतो. माझं म्हणणं, बजेट आठ हजार असेल तर साडेसहाची गिटार घ्या आणि उरलेल्यात सेटअप आणि चांगल्या तारा. आठच्या आठ हजार गिटारवर घालवून तशीच वाजवत बसू नका.

रेवाची_आई

छान धागा, अगदी वेळेवर. मुलगी नऊ वर्षांची आहे, शाळेत गिटारचा क्लास सुरू झालाय. सरांनी सांगितलं कुठलीही चालेल. दुकानदाराने पूर्ण साइजची, लोखंडी तारांची, काळी चकचकीत गिटार दाखवली साडेचार हजारात, बॅग पट्टा पिक सगळं फुकट. घेऊ का? माझं संगीतातलं ज्ञान शून्य आहे हे गृहीत धरून सांगा.

तिसरा_फ्रेट

ताई, ती घेऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीचा हात पूर्ण साइजच्या गिटारभोवती नीट येणार नाही आणि स्टीलच्या तारांनी बोटं सोलवटतील. तीन-चतुर्थांश साइजची नायलॉन तारांची घ्या. यामाहाची सीएस४० आहे, तिची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ५८० मिमी, मोठ्या सी४० ची ६५० मिमी. आणखीही कंपन्यांच्या त्या साइजमध्ये मिळतात. फुकटच्या बॅग-पट्ट्याकडे बघून निर्णय घेऊ नका, त्याची किंमत त्या साडेचारातच धरलेली असते.

आणि एक कळकळीची विनंती, तिच्यावर कुणी स्टीलच्या तारा लावून देतो म्हणाला तर नाही म्हणा. स्टीलच्या लाइट सेटचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. नायलॉनसाठी बनवलेली गिटार तो ताण सोसत नाही, ब्रिज (बॉडीवर तारा अडकवतात तो तुकडा) उचकटतो नाहीतर नेक वाकते. गावोगावी दुकानांतून हे सर्रास करून देतात आणि मग वर्षभरात ती गिटार भिंतीवर शोभेला लागते.

खारी_हवा

मी रत्नागिरीचा. सेटअपबद्दल शंभर टक्के सहमत पण वरच्या फळीबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. सगळ्या परदेशी व्हिडिओत एकच मंत्र असतो, सॉलिड टॉप (एकसंध लाकडाची वरची फळी) घ्या, सॉलिड टॉप घ्या, लॅमिनेट म्हणजे प्लायवूड, आवाज मेलेला. आवाजाचं खरं आहे, यामाहाची एफजी८०० सॉलिड स्प्रूसची आणि एफ३१० लॅमिनेटची, शेजारी शेजारी वाजवा, फरक कळतो. पण आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा ओल्या असतात. सॉलिड फळी पाणी पिते, फुगते, ब्रिजच्या मागे पोट सुटतं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर चढते आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की परत खाली येते. दरवर्षी हेच. लॅमिनेटचे पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणून ते एवढं हलत नाही. ज्याला गिटार सांभाळायला कपाट, केस, सिलिका जेल, हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) यातलं काही जमणार नाही त्याने कोकणात लॅमिनेटच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

इथे पैसे घालायचेच असतील तर कोटेड (पातळ लेप दिलेल्या) तारांवर घाला. साध्या फॉस्फर ब्राँझच्या तारा पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांत काळ्या पडतात, घामट हात असेल तर त्याच्याही आत. कोटेड दुप्पट महाग पण चौपट टिकतात, हिशोब सरळ आहे. आणि वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, जुनी बनियन उत्तम. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत टाकून विसरू नका, त्या भरल्या की काही शोषत नाहीत, तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरा (रंग बदलणारे दाणे मिळतात ते घ्या, लगेच कळतं).

हिवाळी_पाहुणा

न्यू जर्सीतून लिहितोय, इथे बरोब्बर उलटा त्रास. जानेवारीत घरातलं हीटिंग चालू असतं, हायग्रोमीटर वीस टक्के दाखवतं, आणि लाकूड आक्रसतं. माझ्या ओळखीतल्या एकाच्या चांगल्या महागड्या सॉलिड गिटारला ब्रिजपासून खाली सरळ तडा गेला. फ्रेटची टोकं नेकच्या बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात ते वेगळंच. ४५ ते ५५ टक्के ओलावा राखला की सगळं शांत. साउंडहोलमध्ये ठेवायचा छोटा ह्युमिडिफायर पंधरा-वीस डॉलरला मिळतो. हजार डॉलरच्या गिटारला पंधरा डॉलरची ही वस्तू न घेणारे लोक इथे खूप आहेत.

भारतात येताना अँप आणणाऱ्यांसाठी एक सूचना. इथलं अँप १२० व्होल्टचं असतं, मागे व्होल्टेज बदलायचा स्विच आहे का ते आधी बघा. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो जड असतो आणि त्याचाही खर्च धरा. भावाला भेट म्हणून आणायचं असेल तर अँप तिकडेच घेतलेलं बरं.

ट्रेबलबुस्टर

मी थोडी विरुद्ध बाजू मांडतो कारण इथे सगळं स्वस्ताच्या बाजूने चाललंय. माझ्याकडे स्क्वायरची (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) ॲफिनिटी आहे आणि अमेरिकन फेंडरही आहे, दोन्ही रोज हातात असतात. फरक आहे, आणि तो कल्पनेतला नाही. अमेरिकनच्या फिंगरबोर्डच्या कडा गोल केलेल्या आहेत, हात वरखाली सरकताना काही लागतच नाही. ट्रेमोलोचा (दांडी दाबून स्वर हलवायची यंत्रणा) ब्लॉक जाड स्टीलचा आहे, ॲफिनिटीचा पातळ. नटमध्ये तार अडकत नाही म्हणून दांडी दाबून सोडली तरी ट्यूनिंग तिथेच येतं. तासभर वाजवल्यावर मनगट दुखत नाही. ही गिटार हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही आणि मी जास्त रियाज करतो, याला किंमत नाही का?

शिवाय रीसेल. चांगल्या नावाची गिटार पाच वर्षांनी निम्म्याच्या वर किमतीत जाते, कधी जास्तही येतात. अनोळखी ब्रँडची ऑनलाइन घेतलेली कुणी विचारतसुद्धा नाही.

सोल्डरगन

@ट्रेबलबुस्टर, तुमचे सगळे मुद्दे पटले आणि गंमत बघा, एकही मुद्दा लाकडाचा किंवा टोनचा नाही. कडा, नट, ट्रेमोलो ब्लॉक, फ्रेट. म्हणजे धागाकर्ते म्हणतायत तेच, बोटं लागतात तिथली कामं. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी ॲफिनिटीवर पाच-सहा हजारात करून घेता येतात, हाडाचा नट, बरा ब्लॉक, फ्रेटच्या कडांचं फाइलिंग. मी ठाण्यात घरीच हीच कामं करतो, मुख्य नोकरी वेगळी.

इलेक्ट्रिकबद्दल सविस्तर लिहितो. इलेक्ट्रिकचं पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. स्टीलची तार त्याच्यावर थरथरली की गुंडाळीत करंट तयार होतो, तोच आवाज. बॉडी कुठल्या झाडाची याचा त्यात वाटा फार थोडा. नॅशव्हिलच्या एका गिटारवाल्याने तर बॉडी आणि नेक दोन्ही काढून टाकून दोन टेबलांच्या मध्ये तारा ताणल्या, त्याच उंचीवर तेच पिकअप धरलं आणि महागड्या टेलिकास्टरच्या इतका जवळचा आवाज काढला की ऐकणाऱ्याला सांगता येईना. त्यामुळे अल्डर की बासवूड की पॉपलर यावर भांडून रात्र घालवू नका.

इतिहासही हेच सांगतो. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारी मेसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवलेलं. त्याच कारखान्याचा माल अमेरिकेत सिअर्स ही दुकानांची कंपनी सिल्व्हरटोन नावाने कॅटलॉगमधून विकायचं, अगदी नवशिक्यांसाठी. तसलीच डॅनइलेक्ट्रो जिमी पेजने लेड झेपलिनच्या स्टेजवर वाजवली. क्वीन या रॉक बँडच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी बसून गिटार बनवायला घेतली, दोनेक वर्षं लागली. नेकचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसचं, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, फ्रेटवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. आयुष्यभर तीच वाजवली. पण तिच्यापुढे अँप कुठलं लावलं? व्हॉक्स एसी३०, एकामागे एक रचून. तिथे त्याने तडजोड केली नाही.

पाचगणी_पॉइंट

अवांतर, पण क्वीनचं नाव निघालंच आहे तर, फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. हेक्टिक्स नावाचा त्याचा पहिला बँड इथलाच, तो पियानो वाजवायचा. बोर्डिंगमधल्या पोरांचा बँड, वाद्यं कसली असणार, जी मिळाली ती. चालू द्या.

रेवाची_आई

एवढं सगळं वाचून आता निदान दुकानदाराला काय विचारायचं ते कळलं. सीएस४० बघून येते शनिवारी.

मांडवी_काठ

गोव्यात लग्नं, बीच शॅक, चर्चचं फेस्त, असं वर्षभर वाजवतो, पोट त्याच्यावर आहे. स्टेजवाल्याचा हिशोब थोडा वेगळा असतो म्हणून सांगतो. मला टोनपेक्षा आधी हे हवं की मध्येच काही बंद पडू नये. माझा क्रम असा आहे की केबलचे प्लग चांगले, पेडलचा (पायाने चालू करायचा, आवाजावर इफेक्ट देणारा डबा) पॉवर सप्लाय चांगला, ट्यूनर चांगला, आणि मग गिटार. नवरा-नवरी पहिल्या नाचाला उभे राहिले आणि केबल खरखरायला लागली तर तुझी गिटार दोन लाखांची आहे हे कुणाला सांगणार? बँडमधल्या पोरांना मी नेहमी सांगतो, एक जास्तीची केबल आणि एक जास्तीचा तारांचा सेट नसेल तर गाडीत बसू नको.

केबलवर मात्र वेड्यासारखे पैसे घालू नका. सोन्याचा मुलामा, ऑक्सिजन-फ्री तांबं, बाणाची दिशा, या सगळ्याला काही अर्थ नाही. प्लग मजबूत, सोल्डरिंग चांगलं आणि लांबी गरजेपुरती.

सोल्डरगन

लांबीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स वाढते आणि वरचा ट्रेबल दबतो. तीन मीटरला काही होत नाही, दहा मीटरची स्वस्त केबल लावली की तीच गिटार चादर पांघरल्यासारखी वाजते, आणि माणूस पिकअप बदलायला निघतो! आधी छोटी केबल लावून बघा.

आता आपल्याकडच्या घरांतली खरी अडचण, अर्थिंग. निम्म्या लोकांची तक्रार असते की अँप घूं घूं करतं, पेडल खराब, पिकअप खराब. आधी तो पॉइंट तपासा. तीन पिनचा सॉकेट भिंतीवर असतो पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते, जुन्या चाळीत आणि भाड्याच्या खोल्यांत तर हमखास. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर ते नॉर्मल आहे, काळजी नको. पण तारांना हात लावून माइकला ओठ लागल्यावर झिणझिणलं तर तिथेच वाजवणं थांबवा, ते धोक्याचं आहे, जीव जाऊ शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थ तपासून घ्या, आणि अँपच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनमध्ये बसवण्याचा उद्योग कधीही करू नका. दोन-तीन हजारात अर्थिंग नीट होतं आणि मी ज्या ज्या ठिकाणी ते करून घ्यायला लावलं तिथे नवीन अँपची गरजच उरली नाही.

@मांडवी_काठ, जनरेटरवर तुम्ही काय करता?

मांडवी_काठ

जनरेटरवर देवाचं नाव आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर. आणि साउंडवाल्याला सांगायचं की माझं अँप आणि व्होकल माइकचा मिक्सर एकाच बोर्डावरून दे. एवढ्याने नव्वद टक्के आवाज जातो. आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) सप्लाय घेतल्यापासून पेडलचं पण दुखणं गेलं, आधी एकाच ॲडाप्टरवरून पाच पेडलची माळ लावायचो, डिजिटल डिले लावला की शिट्टी यायची.

ट्रेबलबुस्टर

पेडलचा विषय निघालाच आहे तर माझं तिथे मात्र स्वस्ताच्या बाजूने मत आहे. ट्यूब स्क्रीमर या पेडलच्या आत जी ४५५८ चिप आहे ती काही रुपयांत मिळते, बाकी डायोड, कपॅसिटर, तेही तसेच. बॉसचा नारिंगी डीएस-१ १९७८ पासून बाजारात आहे, आजही परवडतो आणि मोठमोठ्यांच्या पायाखाली असतो. उलट क्लॉन सेंटॉर नावाचा पेडल १९९४ मध्ये आला, थोडेच बनले, आता एकेक काही लाखांना जातो. आत काय आहे ते लोकांनी उघडून बघितलंय, नकला शेकड्यांनी आल्या आणि बऱ्याच अगदी जवळ जातात. पैसे दुर्मीळपणाचे आहेत. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, ती मुळात कारखान्यातली नेहमीची स्ट्रॅट, त्याने तिची नेक, पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं) सगळं कितीदा बदललंय. ते पैसे तिच्यावर वाजलेल्या संगीताचे.

फक्त अगदी प्लॅस्टिकच्या डबीतले पेडल स्टेजवर नेऊ नका, घरी ठीक. आणि आपल्या मुंबईत ॲनिमल फॅक्टरीवाले हाताने पेडल बनवतात, भारतात बनलेलं आणि जगभर जाणारं, ते एकदा वाजवून बघाच. तिथे दिलेले जास्तीचे पैसे मला सार्थकी वाटतात.

जवारी_मिरज

उशिरा आलो. मी गिटारवाला नाही, घरात तंबोऱ्याचं वातावरण. पण धागाकर्त्यांचं सेटअपचं वाचून राहवलं नाही. आमच्या मिरजेत तंबोरा घ्यायला गवई येतो तेव्हा भोपळा, लाकूड, नक्षी सगळं बघतो, पण शेवटचा प्रश्न एकच, जवारी कोण लावणार? घोडीचा पृष्ठभाग कानसेने एवढासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं, मग तारेखाली सूत सरकवून झंकार उघडायचा. यात तासन् तास जातात. दोन तंबोरे एकाच लाकडाचे, एकाच हातचे असले तरी जवारी बिघडलेला मुका वाजतो. आणि साध्या तंबोऱ्याची जवारी उत्तम लागली तर मैफल भरून टाकतो. वाद्याच्या किमतीपेक्षा हा हात मोठा, आणि ते काम येणारी माणसं कमी होत चाललीत. तुमच्या गिटारचे सेटअपवाले असतील त्यांना जपा, त्यांच्याशी पाचशे रुपयांवरून घासाघीस करू नका.

तिसरा_फ्रेट

@जवारी_मिरज, फार आवडला प्रतिसाद. सॅडल घासताना अगदी हेच असतं. खालच्या बाजूने एक मिलिमीटर घासली की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरते, म्हणून थोडं घासायचं, तार चढवायची, वाजवायचं, परत उतरवायची. जास्त घासली गेली तर सॅडलच नवीन. चांगला माणूस घाई करत नाही आणि तारा चढवल्याशिवाय "झालं" म्हणत नाही.

वऱ्हाडी_वारा

नागपूरकडून एक भर. मे महिन्यात गिटार गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नका. बंद गाडीत डिंक मऊ पडतो, ब्रिज मागून उचलायला लागतो, मग ती स्वस्त असो की महाग. आणि कूलरच्या थेट समोर स्टँडवर ठेवणारे पण पाहिलेत, एका खोलीत दुपारी वाळवंट आणि रात्री समुद्र. आतल्या भिंतीला, बॅगेत, बस.

शिसवी

लाकडाबद्दल एवढं बोललात पण आपल्याच लाकडाचं कुणी नाव काढलं नाही. महागड्या अकूस्टिकच्या पाठीला आणि बाजूंना जे ईस्ट इंडियन रोजवूड लिहितात ते आपलं शिसव. ब्राझीलचं रोजवूड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिनने १९६९ मध्ये त्यांच्या नेहमीच्या मॉडेलसाठी आपलं शिसव घेतलं, तेव्हापासून तेच. २०१७ च्या सुरुवातीला शिसवाच्या सगळ्या जाती साइट्स करारात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आल्या, सीमेपलीकडे न्यायला कागदपत्रं लागायला लागली, तेव्हा फेंडरने मेक्सिकोच्या गिटारींच्या फिंगरबोर्डला रोजवूडऐवजी पाऊ फेरो नावाचं लाकूड लावलं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या मधल्या वर्षांतल्या पाऊ फेरोच्या गिटारी सेकंडहँडमध्ये लोक नाक मुरडून नाकारतात आणि थोड्या कमी किमतीत जातात. मला विचाराल तर डोळे मिटून घ्या, वाजवताना काही फरक पडत नाही.

डावखुरा_वादक

डावखुऱ्यांसाठी कुणीतरी लिहा हो. दुकानात एकही गिटार नसते, मागवावी लागते, आणि मग वाजवून न बघताच घ्यावी लागते. आत्ताच सुरुवात करतोय, नेट लावून उजव्या हाताने शिकू की डावीच घेऊ?

तिसरा_फ्रेट

सुरुवातच असेल तर आठवडाभर कुणाची तरी उजवी वाजवून बघा. जमतंय असं वाटलं तर आयुष्यभराची निवड मोकळी होते, सेकंडहँड बाजार पूर्ण उघडा राहतो. अंगावरच येत असेल तर जबरदस्ती नको, डावी मागवा, पण परत घेण्याची हमी असलेल्या ठिकाणाहून. आणि उजवी गिटार नुसती तारा उलट्या लावून वापरू नका, नटच्या खाचा जाड-बारीक तारांप्रमाणे कापलेल्या असतात आणि अकूस्टिकची सॅडलही तिरकी बसवलेली असते, ट्यूनिंग कधीच जुळणार नाही.

खारी_हवा

सेकंडहँडचा विषय निघाला तर विचारतो, जुनी घेताना तुम्ही लोक नक्की काय बघता? रत्नागिरीत एक जण यामाहाची पॅसिफिका ११२ ही इलेक्ट्रिक विकतोय.

सोल्डरगन

पॅसिफिका ११२ म्हणजे चांगलंच, अल्डर बॉडी, ब्रिजला हंबकर (दोन गुंडाळ्यांचं पिकअप), नेहमीच्या कामाला उत्तम. हेडस्टॉककडून नेकच्या दोन्ही कडा डोळ्याच्या रेषेत बघा, पीळ असेल तर सोडून द्या, पीळ दुरुस्त होत नाही. थोडा बाक असेल तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली सळई) जातो, पण तो फिरतोय का ते मालकासमोर पाव आटा फिरवून बघा, जाम असेल तर सोडा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघा, व्हिजिटिंग कार्डाएवढी असली तर झकास. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, लाजायचं नाही. फ्रेट खोल खड्ड्यांचे असतील तर नवीन फ्रेट घालायचा खर्च किमतीतून वजा मागा. पॉट खरखरत असतील किंवा जॅक सैल असेल तर ते किरकोळ आहे, काँटॅक्ट क्लीनर आणि दोन-तीनशे रुपयांचं काम, पण भाव पाडायला उपयोगी. कोकणातली आहे तर ब्रिजचे स्क्रू आणि पिकअपचे खांब गंजलेत का तेही बघा.

कॉलेजकट्टा

हॉस्टेलमध्ये राहतो, अँप मोठ्याने वाजवता येत नाही. वीस हजारात इलेक्ट्रिक आणि अँप दोन्ही बसवायचंय. सगळे म्हणतात पंधराची गिटार आणि पाचचं अँप.

तिसरा_फ्रेट

उलटं करायला सांगणार होतो, पण हॉस्टेल म्हणताय तर अँप घेऊच नका. लॅपटॉप असेल तर साधा एका इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायची डबी) घ्या, सेकंडहँड चालेल, आणि बरे हेडफोन. न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर खऱ्या अँपच्या हजारो नकला लोकांनी फुकट टाकल्यात आणि त्या ऐकून मी अजूनही थक्क होतो. सोबत स्पीकर कॅबिनेटची इम्पल्स फाइल (स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी) लावायला विसरू नका, नाहीतर आवाज माशीसारखा भुणभुणतो. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर निवडा म्हणजे छेडल्यावर आवाज उशिरा येणार नाही. पाच इंची स्पीकरच्या पाच हजारी अँपपेक्षा हे दहापट चांगलं. पुढे खोली मिळाली की बॉस कटाना ५० सारखं काहीतरी घ्या, त्यात कमी आवाजातही टोन टिकतो. गिटार बारा-तेराच्या आत सेटअपसकट बसवा. इंडोनेशियातल्या सुराबायाला कोर-टेकच्या कारखान्यात कोर्टच्या गिटारी बनतात आणि पीआरएस या महागड्या कंपनीच्या एसई मालिकेतल्या बऱ्याच गिटारीही तिथल्याच, त्यामुळे कोर्टचं नाव कमी ऐकलंय म्हणून घाबरू नका.

रेवाची_आई

आणली सीएस४०! दुकानात अर्धा तास बसून रेवाने स्वतः धरून बघितली, मोठीपेक्षा हीच सोपी वाटली तिला. पट्टी घेऊन गेले होते, दुकानदार बघतच राहिला. आता अडचण अशी की सकाळी ट्यून करून दिली की संध्याकाळी परत उतरलेली असते. बदलून घेऊ का?

तिसरा_फ्रेट

अभिनंदन ताई! बदलू नका. नवीन नायलॉन तारा ताणल्या जात असतात, पहिला आठवडा-दोन आठवडे उतरतातच. रोज ट्यून करा, आणि ट्यून केल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर ओढून सोडा, परत ट्यून करा, असं तीन-चारदा. मोबाइलवर ट्यूनर ॲप फुकट मिळतं. चावी फिरवताना स्वर वर गेला तर आधी थोडा खाली आणून मग वर चढवत जुळवायचा, वरून खाली उतरवत आणून सोडायचा नाही, म्हणजे चावीतला ढिलेपणा राहत नाही. रेवालाच शिकवा हे, तिचं तिने केलं पाहिजे. दोन आठवड्यांनंतरही एकच तार उतरत राहिली तर त्या चावीवरचा छोटा स्क्रू घट्ट आहे का बघा, आणि तरीही थांबली नाही तर बिल घेऊन दुकानात जा.